भट्टीमागची ओळ

लॉत नदी इथे इतकी वळते
की घराच्या तीन बाजूंनी दिसते,
चौथ्या बाजूला नुसती ऐकू येते.
बाबा म्हणतात, तिचाही पाय निघत नाही.

आमची वाईन काळी.
कायद्याने, लेबलावर, ती लाल;
पण पेला उजेडात धरलात
तर पलीकडचं बोट दिसत नाही.
पहिला घोट हिरड्यांना धरतो
मांजर पिलाला मानेला धरते तसा.
सोडतो, पण सावकाश.

आजोबा फेरेओल
छप्पन्नच्या फेब्रुवारीबद्दल बोलत नसत.
कळलं ते त्यांच्या धाकट्या बहिणीकडून,
ऑनोरीनकडून, तेही भांडी पुसता पुसता.
रात्री खोडं फुटायची गं,
बंदूक उडावी तशी.
एक. मग बराच वेळ काही नाही. मग लागोपाठ तीन.
फेरेओल अंथरुणात बसून मोजत होता.
चारशेनंतर त्याने मोजणं सोडलं
आणि बूट चढवले.
कशासाठी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

मार्चमध्ये सगळं उपटलं.
चार पिढ्यांनी कंबर मोडून वाढवलेलं
दोन बैलांनी अन् एका उसन्या ट्रॅक्टरने
आठवड्यात बाहेर काढलं.
पुढचे तीन हिवाळे चुलीत वेलीच जळत होत्या.
हे सांगताना ऑनोरीन अजून लाजते:
"घर इतकं उबदार कधीच नव्हतं."

वाचली एकच ओळ.
अंगणातल्या पावाच्या भट्टीमागे, भिंतीला टेकलेली,
सव्वीस वेली.
सतरा वर्षांची ऑनोरीन त्या थंडीत रोज पाव भाजायची,
पीठ संपल्यावर
रिकामी भट्टीसुद्धा पेटवत राहिली, भावाला न सांगता.
वेलींसाठी?
छे, म्हणते, माझे पाय गारठत होते.

आज उतारावर जे काही उभं आहे
ते त्या सव्वीसांच्या पोटचं.
छाटणी करताना बाबा अजून त्यांना
भट्टीवाल्या म्हणतात. कौतुकाने, कधी शिवी दिल्यासारखं.

गेल्या नोव्हेंबरात मला वास येईनासा झाला.
ताप आला, उतरला,
जाताना तेवढं घेऊन गेला.
कॉफी म्हणजे कडू गरम पाणी.
ओली माती म्हणजे नुसता चिखल.
वाईन करणाऱ्या बाईने हे सांगावं कुणाला?
बँकेला? बोर्दोहून येणाऱ्या व्यापाऱ्याला?
तळघरात मी पेल्यात नाक घालून
डोळे मिटून घ्यायची, शोभेल इतका वेळ,
आणि म्हणायची, अजून थोडं थांबूया.
थांबूया म्हणणारा सहसा चुकत नाही.

ओळखलं ऑनोरीनने.
रविवारी सूप संपत आलं,
खोलगट ताटलीत दोन चमचे उरलं,
तेव्हा तिने वरून वाईन ओतली.
शाब्रो म्हणतात इथे त्याला.
ताटली दोन्ही हातांनी उचलायची आणि तोंडाला लावायची,
भुरका मारत, पाहुण्यांसमोर मारू नये तसा.
कोमट, जांभळट, वर तेलाचे डोळे.
"नाकाला कशाला विचारत बसतेस, सिदोनी?
जिभेला विचार. धरते का?"

धरलं.
गालांच्या आत, दातांच्या मुळाशी,
तुरट.
तुरटाला वास लागत नाही. तो हाताला कळतो तसा तोंडाला कळतो,
पहाटे फाटकाचं लोखंड लागावं
तसा.
मी काही बोलले नाही.
ताटली पुन्हा पुढे केली.
बाबांनी आमच्याकडे पाहिलं आणि पाव तोडत राहिले.

भिंतीमागच्या सव्वीसांतल्या नऊच उरल्यात आता.
तीन तर फळही धरत नाहीत.
एप्रिलच्या अखेरीस, कोंब फुटल्यावर,
आकाश फार स्वच्छ झालं एका रात्री;
इथे स्वच्छ आकाशाला सगळेच घाबरतात.
मी उठले, भट्टी पेटवली.
घरात पीठ नव्हतं.
बाबा दारात आले, स्वेटर उलटा घातलेला.
काय करतेस म्हणाले.
पाय गारठलेत, म्हटलं.

ते गेले आणि लाकडं घेऊन आले.